झाशीचे दप्तर आणि दप्तराचे दार

झाशीचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल उभे राहते. हे चित्र आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी जपले आहे व ते जपण्याजोगे आहे, याविषयी वाद नाही. तथापि ज्या लढ्याचा शेवट १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीजवळ कोटा-की-सराय येथे रणांगणावर झाला, त्याचा आरंभ कागदावर झाला होता, ही गोष्ट त्या चित्राच्या तेजात सहसा दिसत नाही. तहाचा मसुदा, दत्तकविधानाची खबर, दोन अर्ज, एका अधिकाऱ्याची अनुकूल शिफारस, दुसऱ्याचे प्रतिकूल मत आणि अखेर गव्हर्नर जनरलचे टिपण, एवढ्या कागदांत एक राज्य बुडाले. आज ते सारे कागद कोठे आहेत, ते कोणास पाहावयास मिळतात, पूर्वी कोणास मिळत नसत आणि या मिळण्या-न-मिळण्याने इतिहासात काय फरक पडला, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो आणि नोकरीनिमित्त झाशीस राहतो. या मासिकाचे बहुतेक वाचकही मुलुख सोडून सरकारी फायलींच्या सहवासात दिवस काढणारे आहेत. तेव्हा हा विषय त्यांस परका वाटू नये.

प्रथम प्रकरणाची हकीकत पाहू. झाशीचा सुभा मूळ पेशव्यांचा. १७४२ पासून नारो शंकर तेथे सुभेदार होते. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेला किल्ला त्यांनी वाढविला. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली. १८०४ साली शिवराव भाऊंनी कंपनी सरकाराशी करार केला. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याच्या तहान्वये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपला हक्क कंपनीस दिला आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी कंपनीने रामचंद्ररावांशी नवा तह केला. त्यात रामचंद्रराव, त्यांचे वारस आणि त्यांचे उत्तराधिकारी यांस राज्याचे वंशपरंपरागत अधिपती म्हणून मान्यता दिली होती. हे शब्द पुढे फार महत्त्वाचे ठरले.

गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी आनंदराव या पाच वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेविले. त्या प्रसंगी पोलिटिकल असिस्टंट मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे दोघे इंग्रज अधिकारी हजर होते. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. राणीसाहेबांनी ३ डिसेंबर १८५३ रोजी पहिला आणि १६ फेब्रुवारी १८५४ रोजी दुसरा खलिता पाठविला. या अर्जांतील मुद्दे वाचताना कोणाही नोटिंग करणाऱ्या माणसाने थबकावे असे ते आहेत. तहाच्या फारसी मजकुरात ‘वारिसान’ आणि ‘जानिशीनान’ असे दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिल्याने रक्ताचे वारस सांगितले गेले. मग दुसरा शब्द कशासाठी? मागे गादीवर बसणारा जो कोणी, म्हणजे दत्तकही, त्यात यावा एवढ्यासाठीच तो घातला असला पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. त्याच्या जोडीला दतिया, जालौन आणि ओरछा येथे दत्तक मंजूर झाल्याचे दाखले दिले होते. मेजर एलिसनेही आपल्या पत्रात ओरछ्याचा दाखला देऊन, तेथे जे चालले ते झाशीस का चालू नये, असा प्रश्न आपल्या वरिष्ठांपुढे ठेविला होता. त्याचा वरिष्ठ मेजर माल्कम याचे मत मात्र संस्थान खालसा करण्याकडे झुकले.

कलकत्त्यास डलहौसीपुढे जे टिपण तयार झाले, त्याचा कणा १८३७ सालचे सर चार्ल्स मेटकाफचे मत हा होता. स्वतंत्र राजे निराळे आणि वरच्या सत्तेने दिलेल्या सनदेवर मुलुख खाणारे सरदार निराळे; दुसऱ्या वर्गास सरकारच्या संमतीवाचून दत्तकाने वारसा चालविता येत नाही, असा तो भेद होता. झाशी दुसऱ्या वर्गात घालण्यात आली. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी डलहौसीने आपले टिपण लिहिले. राणीच्या दुसऱ्या अर्जाची तारीख आणि या टिपणाची तारीख यांत अवघे अकरा दिवस आहेत, आणि त्या काळी झाशीस ना आगगाडी होती, ना तारायंत्र. मार्च महिन्यात संस्थान खालसा झाल्याचे जाहीर झाले, राणीस दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक देऊ करण्यात आली आणि २२ एप्रिलचा तिचा आणखी एक अर्जही व्यर्थ गेला.

या प्रकरणातील अन्याय पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितला आहे. आम्हांस त्यातील दप्तराचा भाग विशेष बोचतो. राणीपाशी तहाची प्रत होती, म्हणून तहाच्या शब्दांवर तिला बोलता आले. मेटकाफचे १८३७ चे मत, माल्कमचा अभिप्राय, कलकत्त्याच्या सचिवालयातील टिपणे यांतील कोणताही कागद तिच्यापुढे उत्तरासाठी ठेवण्यात आला नाही. ज्या भेदावर तिचे राज्य गेले, तो भेद तिला खोडून काढण्याची संधीच मिळाली नाही. एका पक्षाच्या हाती अर्ज आणि दुसऱ्या पक्षाच्या हाती फाईल, असा तो विषम सामना होता. जॉन लँग नावाच्या वकिलास तिने १८५४ साली झाशीस बोलावून सल्ला घेतला; परंतु वकील कितीही हुशार असला तरी न पाहिलेल्या कागदास उत्तर कसे देणार?

आता या कागदांचे पुढे काय झाले ते पाहू. १८५५ साली झाशीच्या खालसाविषयीचा पत्रव्यवहार ब्रिटिश पार्लमेंटापुढे ठेवला गेला आणि छापला गेला. म्हणजे जे कागद झाशीच्या वाड्यात कोणास पाहावयास मिळाले नाहीत, ते लंडनमध्ये छापील स्वरूपात सभासदांच्या मेजावर पडले. हुकूम अर्थात बदलला नाही. इकडे १८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोजचा वेढा पडला, ३ एप्रिल रोजी हल्ला झाला आणि शहराची लूट झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. गंगाधररावांच्या पदरच्या मोठ्या ग्रंथसंग्रहाची त्या लुटीत कशी धूळधाण झाली, हे त्यांनी आपल्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात सांगून ठेविले आहे. हा वृत्तांत १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी फेरफार करून प्रसिद्ध केला आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली. म्हणजे एका साक्षीदाराचे स्वतःचे शब्द वाचकांपुढे यावयास घटनेपासून शंभरावर वर्षे लागली.

परिणाम असा झाला की, झाशी दरबाराच्या बाजूचे कागद विस्कटले आणि कंपनी सरकारच्या बाजूचे कागद कलकत्त्यास रुमालांत सुरक्षित राहिले. राणीचा आवाज आज आपणांस जो ऐकू येतो, तो बव्हंशी तिच्या प्रतिपक्षाच्या दप्तरातून येतो. तिचे खलिते, त्यांची इंग्रजी भाषांतरे, एलिसची शिफारस, हे सारे तेथेच नोंदले गेले आणि तेथेच टिकले. सरकारी दप्तराची एक थोर खोड या ठिकाणी दिसते. आलेला कागद आवकेत चढला, त्याला क्रमांक पडला आणि तो फाईलीस जोडला गेला, म्हणजे तो सरकारच्या सोयीचा आहे की गैरसोयीचा हे कारकून पाहत बसत नाही. डलहौसीच्या सचिवालयातील कोणा अनाम कारकुनाने एलिसचे पत्र जागच्या जागी लावले, म्हणून खालसाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा खालसा करणाऱ्या सरकारच्याच कपाटात शाबूत राहिला.

परंतु कागद राहणे निराळे आणि तो वाचावयास मिळणे निराळे. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले आणि जॉर्ज फॉरेस्ट यांच्याकडे त्याचा कारभार आला. त्याचा मुख्य हेतू निरनिराळ्या खात्यांचे जुने कागद एके ठिकाणी आणून सरकारी कामासाठी हाताशी ठेवणे हा होता. बाहेरच्या संशोधकास, त्यातही हिंदी संशोधकास, तेथे सहज शिरकाव नव्हता. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणी लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र १८९४ साली प्रसिद्ध केले, ते अशा काळात. छापील इंग्रजी ग्रंथ आणि माहीतगार लोकांकडून मिळविलेली हकीकत यांवर त्यांनी आपली इमारत उभी केली. मार्टिन नामक एका इंग्रज गृहस्थाने १८८९ साली दामोदररावांस लिहिलेले, राणीस निर्दोष ठरविणारे पत्र त्यांनी छापून मोठे काम केले. पुढे सावरकरांनी १८५७ वरील आपला ग्रंथ लिहिला तो लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून. १९०९ साली तो बाहेर येण्यापूर्वीच त्यावर बंदी आली आणि ती १९४६ साली उठली. आपल्या देशाचा इतिहास वाचावयास समुद्र ओलांडावा लागे आणि लिहिलेला इतिहास देशात आणावयास बंदी आड येई, असा तो काळ होता.

पुण्याची कथा याहून वेगळी नव्हती. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात फडणिसांच्या देखरेखीखाली ‘चलते दप्तर’ आणि ‘एक बेरीज’ अशा शाखा असत आणि हिशेबाचा कागद न् कागद तेथे ताळ्यावर येई. १८१८ नंतर ते दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनाम कमिशनाच्या चौकशीसाठी त्याचा भरपूर उपयोग झाला, कारण कोणाचे इनाम ठेवावे आणि कोणाचे काढून घ्यावे याचा पुरावा त्यातच होता. ज्यांची इनामे त्या पुराव्यावर गेली, त्यांस मात्र ते दप्तर उघडून पाहण्याची मुभा नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या वजनदार पुरुषाच्या खटपटीनंतर गणेश चिमणाजी वाड यांनी केलेले रोजनिशीतील उतारे प्रसिद्ध होऊ लागले. राजवाड्यांनी तर सरकारी दाराशी तिष्ठत न बसता खेडोपाडी हिंडून खाजगी दप्तरे धुंडाळली. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पेशवे दप्तराचे दार खऱ्या अर्थाने किलकिले झाले ते रियासतकार सरदेसाई यांच्या हाती निवडीचे काम आले तेव्हा. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ भागांत छापून काढले. सर जदुनाथ सरकार यांचा पाठिंबा त्यामागे होता. ऐंशी-शंभर वर्षे जे दप्तर बंद होते, ते उघडल्याने सरकार बुडाले नाही. इतिहासाला मात्र पाया मिळाला.

दिल्लीकडेही वारे बदलत होते. १९१९ साली हिंदी ऐतिहासिक कागदपत्र मंडळ, म्हणजे इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन, स्थापन झाले आणि संशोधकांच्या मागण्यांस अधिकृत व्यासपीठ लाभले. १९२६ साली नव्या दिल्लीत आजची इमारत उभी राहिली आणि कलकत्त्याचे दप्तर क्रमाक्रमाने तिकडे हलले. १९३९ साली डॉ. सुरेंद्रनाथ सेन त्या खात्याचे प्रमुख झाले. हे गृहस्थ बंगाली. पण मराठ्यांची राज्यव्यवस्था आणि मराठ्यांची लष्करी व्यवस्था यांवर त्यांनी लिहिलेले ग्रंथ प्रसिद्ध आहेत. संशोधकाची गरज स्वतः जाणणारा माणूस दप्तराच्या किल्ल्या सांभाळू लागला आणि त्यांच्या कारकिर्दीत संशोधकांची वाट पुष्कळ रुंद झाली. १९४७ नंतर खात्याचे नाव राष्ट्रीय अभिलेखागार झाले.

दार उघडल्याने काय पदरात पडते, याचे उत्तम उदाहरण झाशीचेच आहे. १८५७ च्या ८ जून रोजी जोखनबागेत इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली. त्यात राणीचा हात होता असे इंग्रज लेखक बहुधा गृहीत धरीत. नव्हता असे आपले लेखक अभिमानाने सांगत. दोन्ही पक्षांच्या हाती समकालीन कागद थोडे होते. १९५७ साली डॉ. सेन यांचा सरकारने लिहवून घेतलेला ग्रंथ निघाला, त्यात राणीने सागरचा कमिशनर मेजर अर्स्किन याला १२ व १४ जून १८५७ रोजी लिहिलेल्या पत्रांचा विचार आला. ही पत्रे परराष्ट्र खात्याच्या ३१ जुलै १८५७ च्या गुप्त कन्सल्टेशनमध्ये बांधलेली आहेत. शिपायांच्या क्रौर्याचा निषेध, आपल्यापाशी पुरेसे लोक नसल्याने साहाय्य करता आले नाही याची खंत, शिपायांनी धमकावून पैसा उकळल्याची तक्रार आणि बंदोबस्तासाठी मदतीची याचना, असा त्यांतील मजकूर आहे. अर्स्किनने २ जुलै रोजी उत्तर देऊन, नवा अधिकारी येईपर्यंत सरकारतर्फे जिल्ह्याचा कारभार पाहावा असे तिला कळविले. कलकत्त्याच्या सरकारने यावर शेरा मारला तो सावध होता: अर्स्किनने विश्वास ठेविला याबद्दल त्याला दोष नाही, परंतु तिची हकीकत खोटी ठरल्यास या पत्राचा तिला आसरा मिळणार नाही.

या पत्रांनी वाद मिटला असे कोणी म्हणू नये. पत्रे भीतीपोटी लिहिली की धोरणाने की मनापासून, हा प्रश्न उरतोच आणि विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत. पण वादाची पातळी बदलली. पूर्वी गृहीताशी गृहीत झुंजत होते. आता दोन्ही पक्षांस एकाच कागदापुढे बसून बोलावे लागते. शिवाय, ज्या राणीस आपण पहिल्या दिवसापासून तलवार उपसून उभी असलेली पाहण्यास सरावलो होतो, ती १८५३ पासून १८५७ पर्यंत अर्जामागून अर्ज करणारी, कायद्याचा प्रत्येक मार्ग चोखाळून पाहणारी स्त्री म्हणून समोर आली. आमच्या मते याने तिची थोरवी वाढते. तलवार हा तिचा शेवटचा अर्ज होता. याच सुमारास, १९५९ साली, लखनौहून डॉ. रिझवी यांच्या संपादनाखाली निघालेल्या उत्तर प्रदेशातील स्वातंत्र्यलढ्याच्या साधनखंडांपैकी बुंदेलखंडाचा तिसरा खंड प्रसिद्ध झाला आणि ज्यास दिल्लीस जाणे शक्य नाही त्यालाही पुष्कळ मूळ कागद छापील रूपात मिळाले.

आता आजच्या नियमांकडे वळू. आपण सरकारी नोकर त्या नियमांच्या दोन्ही अंगांस उभे असतो. कचेरीत आपण कागद निर्माण करतो. कचेरीबाहेर, इतिहासाची आवड असेल तर, तेच कागद मागावयास जातो. १९७२ साली केंद्र सरकारने अभिलेखविषयक धोरणाचा ठराव केला. त्याला कायद्याचे बळ १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने आले आणि त्याखालील नियम १९९७ साली झाले. प्रत्येक कचेरीने एक अभिलेख अधिकारी नेमावयाचा असतो. पंचवीस वर्षांहून जुन्या फायलींची छाननी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करावयाची असते आणि कायम मोलाच्या फायली निवडून तेथे पाठवावयाच्या असतात. तीस वर्षांहून जुने, गोपनीयतेचा शिक्का नसलेले आणि अभिलेखागारात दाखल झालेले कागद, विहित अपवाद सोडून, खऱ्या संशोधकास पाहावयास मिळू शकतात. तीस वर्षे मोजावयाची ती फाईल उघडल्याच्या वर्षापासून. अभिलेख परवानगीवाचून देशाबाहेर नेणे आणि ठरलेल्या पद्धतीवाचून नष्ट करणे या दोहोंस पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणखी एक कलम आहे, ते आम्हांस फार आवडते: १८९२ पूर्वीचा कोणताही कागद, तो अगदीच निकामी झाल्याचा अभिलेखागाराच्या प्रमुखाचा निर्वाळा असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. झाशीचे हे सारे प्रकरण त्या रेषेच्या अलीकडे, कायद्याच्या छत्राखाली सुरक्षित आहे.

या कायद्यास मर्यादाही आहेत. तो केंद्र सरकार व केंद्रशासित प्रदेश यांच्या कागदांपुरता आहे. राज्यांचे कागद राज्यांच्या कायद्यांखाली येतात. महाराष्ट्राने आपला कायदा २००५ साली केला. ‘खरा संशोधक’ या शब्दांत एक उंबरठा आहे. शिफारशीचे पत्र जवळ नसलेल्या सामान्य जिज्ञासूस तो उंच वाटतो. आणि जी फाईल कचेरीने अभिलेखागाराकडे पाठविलीच नाही, तिच्यावरील तीस वर्षे उलटूनही उपयोग नसतो. यातील पुष्कळसे न्यून २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने भरून काढले. त्या कायद्याखाली अर्जदारास आपण कोण व कशासाठी मागतो हे सांगावे लागत नाही. केंद्राच्या कचेरीत दहा रुपये फी भरली की सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीची माहिती देशाची सुरक्षितता, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद वगळता नाकारता येत नाही. १८५४ साली राणीस जे हवे होते, म्हणजे आपल्याविरुद्ध काय टिपण झाले ते पाहण्याचा हक्क, तो आज कोणाही नागरिकास एका साध्या अर्जाने मागता येतो. आपल्या टेबलाशी असा अर्ज येतो तेव्हा कपाळास आठी पडण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

झाशीचे कागद पाहू इच्छिणाऱ्या बांधवांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, कागद कोणत्या राजवटीचा आहे ते आधी ठरवावे. १८१७ पूर्वीची झाशी पेशव्यांची, म्हणून तिचा शोध पुण्याच्या दप्तरात, आणि तोही मोडी लिपीत. १८१७ ते १८५८ ची झाशी कंपनीच्या परराष्ट्र खात्याची, म्हणून दिल्लीस. पुढे १८६१ साली झाशी शहर व किल्ला शिंद्यांकडे गेला आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात परत इंग्रजांकडे आला. त्या पंचवीस वर्षांच्या शहराच्या कागदांसाठी ग्वाल्हेरकडेही पाहावे लागते. जिल्ह्याच्या कारभाराचे कागद लखनौस आणि येथील मुहाफिजखान्यात. इकडे रुमालास बस्ता म्हणतात आणि फाईलीस मिसल. हे शब्द ठाऊक असले की अर्धे काम होते. दुसरी गोष्ट, कंपनीच्या काळी आलेले पत्र कौन्सिलपुढे ज्या दिवशी ठेवले जाई त्या दिवसाच्या कन्सल्टेशनमध्ये ते बांधले जाई. म्हणून १२ जूनचे पत्र जूनमध्ये शोधणाऱ्यास सापडत नाही, ते ३१ जुलैच्या कागदांत असते. विभागाचे नाव, कन्सल्टेशनची तारीख आणि क्रमांक ही तीन टिपणे बरोबर नेली तर वाचनकक्षातील दिवस वाया जात नाही. शाईचे पेन घरी ठेवावे. तेथे पेन्सिलीचेच राज्य असते. ज्यास दिल्ली दूर आहे त्याने २०१५ पासून सुरू असलेल्या ‘अभिलेख पटल’ या सरकारी संकेतस्थळावर सूची चाळावी. पुष्कळ कागदांच्या प्रतिमा तेथे घरबसल्या दिसतात.

शेवटी आपल्या स्वतःच्या कामाविषयी थोडे. फाईल बंद करताना तिच्यावर वर्ग घालण्याचे काम बहुधा आपल्यासारख्यांकडे येते. कायम ठेवून सूक्ष्मचित्र घ्यावयाची ती ‘अ’, कायम ठेवावयाची पण सूक्ष्मचित्राची गरज नसलेली ती ‘ब’, आणि ठराविक वर्षांनी, फार तर दहा वर्षांनी, काढून टाकावयाची ती ‘क’. महिन्याच्या अखेरीस, रेकॉर्ड रूममध्ये जागा नाही अशी ओरड चालू असताना, सरसकट ‘क’ लिहून मोकळे होण्याचा मोह कोणास होत नाही? ज्या फाईलीत एखाद्या कनिष्ठाने वरिष्ठाविरुद्ध मत नोंदविले आहे, ज्यात एखाद्या अर्जदाराचे म्हणणे फेटाळले गेले आहे, ती फाईल त्या दिवशी अगदी किरकोळ दिसते. एलिसचे पत्रही २७ फेब्रुवारी १८५४ रोजी किरकोळच झाले होते. निर्णय उलट लागला होता, प्रकरण संपले होते. त्या पत्रास कोणी ‘क’ वर्ग दिला असता तर हुकुमात काडीचा फरक पडला नसता. पण कंपनीच्याच एका अधिकाऱ्यास हा निर्णय पटला नव्हता, ही गोष्ट आज आपण कोणत्या आधाराने सांगितली असती?

हुकूम बदलण्याची सत्ता आपल्या हाती नाही आणि नसावीही. हुकुमाच्या दोन्ही बाजूंचे कागद फाईलीस लावणे, त्यांना पृष्ठांक घालणे, त्यांचा वर्ग विचार करून ठरविणे आणि मुदत भरल्यावर ते योग्य ठिकाणी रवाना करणे, एवढे मात्र आहे. येथून मुलखाकडे जाणारा मराठी माणूस किल्ला पाहून जातो, राणीमहाल पाहून जातो. त्याने जमल्यास दिल्लीच्या वाटेवर एक दिवस जनपथावरील त्या इमारतीत काढावा आणि राणीच्या अर्जांचा कागद मागवून पाहावा. मोडी येत असेल त्याने पुण्यास जाऊन बुंदेलखंडाच्या सुभेदारांची पत्रे उघडावीत. ती वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि दार उघडे असूनही आत कोणी न जाणे हे दार बंद असण्याइतकेच नुकसानीचे आहे.